पहारा नगराचा, वेदी धर्मग्रामाची

युरोपातील ख्रिस्तमंदिरांविषयी मराठीत जे थोडेबहुत लेखन झाले आहे ते बहुतांशी प्रवाशांच्या लेखणीतून उतरले आहे, आणि प्रवाशाची दृष्टी स्वभावतःच भव्यतेकडे ओढली जात असल्यामुळे कोलोनच्या जुळ्या मनोऱ्यांचे वर्णन आपण अनेक ठिकाणी वाचलेले असते. परंतु ज्या चर्चमध्ये गावच्या विणकराने, खाटकाने आणि सोनाराने पिढ्यान्‌पिढ्या आपली मुले स्नानसंस्कारासाठी आणली, जेथे त्यांची लग्ने लागली आणि ज्याच्या आवारात त्यांचे देह मातीआड झाले, त्या साध्या चर्चलाही स्वतंत्र इतिहास असतो, आणि तो कित्येकदा बिशपच्या महामंदिराच्या इतिहासापेक्षा अधिक बोलका असतो, इकडे आपले लक्ष क्वचितच गेले आहे. जर्मनीच्या वायव्येकडील म्युन्स्टर नगरातील सेंट लाम्बेर्टी या कॅथलिक चर्चचा हा इतिहास ती उणीव भरून काढू पाहतो, आणि म्हणूनच त्याला प्रस्तावना लिहिण्याचे काम मी आनंदाने स्वीकारले.

आरंभीच एक भेद स्पष्ट केला पाहिजे. ज्या चर्चमध्ये बिशपचे आसन असते ते कॅथीड्रल. ते साऱ्या धर्मप्रांताचे मुख्य मंदिर. ठरावीक हद्दीत राहणाऱ्या माणसांचे जे चर्च असते ते पॅरिश चर्च, आणि या हद्दीला व तीत नांदणाऱ्या समाजाला वसईकडील आपले कॅथलिक बांधव ‘धर्मग्राम’ असा अत्यंत समर्पक शब्द वापरतात. लेखकाने तोच शब्द ग्रंथभर योजला आहे. म्युन्स्टरमध्ये ही दोन्ही मंदिरे परस्परांपासून हाकेच्या अंतरावर आहेत. संत लिउडगर 805 साली येथला पहिला बिशप झाला, तेव्हापासून चालत आलेल्या धर्मप्रांताचे संत पॉलचे कॅथीड्रल एका बाजूला. आणि प्रिन्सिपालमार्क्ट या कमानींच्या ओळींनी नटलेल्या बाजारपेठेच्या उत्तर टोकाला व्यापाऱ्यांचे आणि कारागिरांचे लाम्बेर्टी. त्याच पेठेत नगरसभेचे सभागृह आहे. बिशपची सत्ता, नगरसभेची सत्ता आणि बाजाराची सत्ता या तिन्हींचा रेटा ज्या एका वास्तूवर सहा शतके पडत राहिला तिची ही कथा आहे.

धर्मग्राम ही संस्था मुळात केवळ भक्तीची नव्हे, हक्कांचीही आहे. स्नानसंस्काराचे कुंड कोणत्या चर्चमध्ये असावे, दफनभूमी कोणाची, धान्याचा दहावा हिस्सा कोणी वसूल करावा, धर्मगुरू नेमण्याचा अधिकार कोणाकडे, हे सारे प्रश्न मध्ययुगात सनदांनी आणि निवाड्यांनी ठरत असत, आणि आपल्याकडील वतनांच्या तंट्यांचे कागद ज्याने चाळले आहेत त्याला या जर्मन दफ्तरांत फारसे परके वाटणार नाही. 1215 सालच्या चौथ्या लॅटरन धर्मपरिषदेने प्रत्येक सज्ञान ख्रिस्ती माणसाने वर्षातून एकदा तरी आपल्या धर्मगुरूपाशी पापकबुली द्यावी असा दंडक घातला. त्यामुळे माणूस कोणत्या धर्मग्रामाचा, हे निश्चित होणे अपरिहार्य झाले. पुढे 1563 साली ट्रेंटच्या परिषदेने धर्मगुरूंनी विवाहांची आणि स्नानसंस्कारांची नोंदवही ठेवावी असे फर्मावले, आणि राजांच्या, सरदारांच्या व सावकारांच्या पलीकडे जो असंख्य सामान्यांचा समुदाय होता, त्यातील प्रत्येकाचे नाव, आईबाप आणि साक्षीदार यांसह, प्रथमच नियमाने कागदावर उतरू लागले. नोंदवहीचा हा धागा वाचकाने मनात धरून ठेवावा. लाम्बेर्टीच्या इतिहासात एक अत्यंत दुःखद आणि एक अत्यंत उदात्त असे दोन क्षण आहेत; त्यांपैकी दुसऱ्या क्षणी तो पुन्हा हाती येणार आहे.

आजच्या वास्तूचे बांधकाम पूर्वीच्या लहान चर्चच्या जागी 1375 साली सुरू झाले आणि सोळाव्या शतकाच्या पहिल्या चरणापर्यंत चालले. मधले दालन उंच आणि दोन्ही बाजूंची दालने ठेंगणी, हा युरोपातील चर्चबांधणीचा सर्वसाधारण प्रघात. वेस्टफालियातील स्थपतींनी तो सोडून तिन्ही दालने जवळजवळ समान उंचीवर नेली, आणि त्यामुळे आत शिरणाऱ्याला वेदीच्या दिशेने चालणाऱ्या अरुंद मार्गाऐवजी स्तंभांवर तोललेला एक विस्तीर्ण, उजेडाने भरलेला मंडप दिसतो. असा मंडप नागरिकांच्या स्वभावाला अधिक मानवला असावा असे मला वाटते, कारण तो प्रवचनाचा मंडप आहे; तेथे माणसे एकमेकांना दिसतात. दक्षिण दारावर येशूची वंशावळी वृक्षाच्या रूपाने कोरलेली आहे. ज्या समाजाने आपल्या घराण्यांची नावे इतक्या निष्ठेने जपली त्याने दारावरही वंशवृक्षच बसवावा, हा योगायोग असला तरी सुंदर आहे.

मनोऱ्याची गोष्ट मात्र निराळी. वेदी धर्मग्रामाची, पण मनोऱ्यावर राहून आगीवर आणि शत्रूवर नजर ठेवणारा पहारेकरी नगराचा चाकर. या पहारेकऱ्याचा उल्लेख चौदाव्या शतकापासून आढळतो, आणि आजही, मंगळवार वगळून, दररोज रात्री नऊपासून मध्यरात्रीपर्यंत दर अर्ध्या तासाला मनोऱ्यावरून तुतारीचा सूर ऐकू येतो. रोज सुमारे तीनशे पायऱ्या चढाव्या लागणाऱ्या या पदावर 2014 साली प्रथमच एका स्त्रीची नेमणूक झाली. एकाच दगडी देहात दोन धनी नांदतात ही गोष्ट ज्याने समजून घेतली, त्याला पुढील साऱ्या संघर्षाचे बीज सापडले असे समजावे.

या संघर्षाचा भडका 1532 ते 1535 या काळात उडाला, आणि त्यामुळे लाम्बेर्टीचे नाव जगाच्या इतिहासात गेले. बर्नहार्ड रोथमान हा धर्मसुधारणेच्या विचारांनी भारलेला तरुण धर्मगुरू नगराबाहेरच्या सेंट मॉरित्झ चर्चमध्ये प्रवचने करीत असे. 18 फेब्रुवारी 1532 रोजी त्याने लाम्बेर्टीच्या आवारात उभे राहून प्रवचन केले, आणि श्रेणींमधील कारागिरांच्या पाठबळावर या चर्चचे व्यासपीठ त्याच्या हाती आले. पुढल्या वर्षी, 14 फेब्रुवारी 1533 रोजी झालेल्या तहानुसार नगरातील सारी पॅरिश चर्चे ल्यूथरपंथीयांकडे गेली आणि कॅथीड्रल तेवढे जुन्या धर्माकडे राहिले. गोष्ट येथे थांबली असती तर म्युन्स्टर हे जर्मनीतील शेकडो प्रॉटेस्टंट नगरांपैकी एक होऊन राहिले असते. परंतु रोथमानचे विचार ल्यूथरच्याही पुढे धावत गेले. अजाण अर्भकाचा स्नानसंस्कार व्यर्थ असून जाणत्या वयात तो पुन्हा घेतला पाहिजे असे मानणारे पुनर्बाप्तिस्मावादी नेदरलँड्समधून येऊ लागले, आणि फेब्रुवारी 1534 मधील निवडणुकीत नगरसभाच त्यांच्या हाती गेली. ज्यांनी नवा संस्कार नाकारला त्यांना ऐन थंडीत वेशीबाहेर काढण्यात आले. बिशप फ्रांत्स फॉन वाल्डेक याने वेढा घातला. हार्लेमचा भटारी यान माथीस हा त्यांचा प्रेषित ईस्टरच्या सुमारास वेढा फोडायला निघाला आणि मारला गेला. त्याच्यामागून लायडेनचा शिंपी यान याने स्वतःला नव्या जेरुसलेमचा राजा म्हणून अभिषेक करविला. संपत्ती सामाईक झाली, बहुपत्नीत्व सक्तीने रूढ झाले, विरोधकांची मस्तके उडाली आणि अखेरीस माणसे उपासमारीने वेशीबाहेर धाव घेऊ लागली. 24 जून 1535 च्या रात्री फितुरीने नगर पडले. 22 जानेवारी 1536 रोजी यान फॉन लायडेन, बर्न्ट क्निपरडोलिंग आणि बर्न्ट क्रेश्टिंग या तिघांना तापलेल्या चिमट्यांनी छळून बाजारपेठेत ठार करण्यात आले, आणि त्यांची प्रेते तीन लोखंडी पिंजऱ्यांत घालून लाम्बेर्टीच्या मनोऱ्यावर टांगण्यात आली. ते पिंजरे आजही तेथे आहेत.

पिंजरे याच मनोऱ्यावर का टांगले, याचा विचार लेखकाने फार मार्मिकपणे केला आहे. शिक्षा देणारा बिशप. पण त्याने आपले कॅथीड्रल त्यासाठी निवडले नाही. ज्या मनोऱ्याकडे प्रत्येक नागरिक दिवसातून दहा वेळा पाहत असे, तो मनोरा त्याने निवडला. नगराचा पहारा आता नगरावरच बसविण्यात आला.

या विषयावरील लेखनाची परंपरा चारशे वर्षांहून जुनी आहे, आणि नवागत वाचकाला तिच्या शाखा ठाऊक असणे हिताचे आहे. तिच्या मुळाशी दोन प्रत्यक्षदर्शी आहेत. हाइनरिश ग्रेसबेक हा सुतार वेढ्याच्या काळात आत होता आणि नगर पाडणाऱ्यांना वाट दाखविणाऱ्यांत तोही होता. त्याने आपल्या बोलीत लिहिलेला वृत्तांत ओबडधोबड असला तरी जिवंत आहे. हेरमान फॉन केर्सेनब्रोक हा पुढे कॅथीड्रलच्या शाळेचा प्रमुख झाला. त्याने 1573 च्या सुमारास लॅटिनमध्ये विस्तृत इतिहास पूर्ण केला, आणि नगरसभेला आपल्या पूर्वजांचे असे उघडे वर्णन न रुचल्याने त्याला तो छापता आला नाही. संपूर्ण स्वरूपात तो छापून येण्यास एकोणिसाव्या शतकाची अखेर उजाडावी लागली. या दोघांच्या पाठोपाठ आले ते पक्षाभिमानी लेखक: कॅथलिकांना या प्रकरणात धर्मसुधारणेचे अटळ पर्यवसान दिसले, ल्यूथरपंथीयांना सैतानाची करणी दिसली, आणि पुनर्बाप्तिस्मावाद्यांचे शांतिप्रिय वंशज या नगराचे नाव घेण्यासही कचरू लागले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास कार्ल आडोल्फ कॉर्नेलिउस याने कागदपत्रांच्या आधारे हा इतिहास पुन्हा लिहावयास घेतला आणि ग्रेसबेकचा वृत्तांतही प्रसिद्ध केला. 1895 साली कार्ल काउट्स्की याने याच लोकांत साम्यवादाचे पूर्वसुरी पाहिले, आणि ते भुकेलेल्या दरिद्री लोकांचे बंड होते ही समजूत त्यानंतर दीर्घकाळ टिकली. तिला तडा दिला तो 1973 साली कार्ल-हाइन्त्स किर्शहोफ यांनी. नगर पडल्यावर जप्त झालेल्या घरांच्या आणि मालमत्तेच्या याद्या त्यांनी घरागणिक तपासल्या, आणि पुनर्बाप्तिस्मा घेणाऱ्यांत संपन्न घरमालक, व्यापारी आणि प्रतिष्ठित कारागीर सर्व थरांतून आले होते असे दाखवून दिले. जमाबंदीच्या रुक्ष कागदाने मोठमोठ्या सिद्धांतांना जमिनीवर आणल्याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

वास्तूच्या अभ्यासाची परंपरा याहून वेगळी वाहिली. जुना मनोरा कलला होता. 1881 साली तो उतरविण्यात आला आणि त्याच्या जागी हिल्गेर हेर्टेल याच्या आराखड्याप्रमाणे, फ्रायबुर्गच्या मनोऱ्याचा आदर्श समोर ठेवून, सुमारे 90 मीटर उंचीचा नवा मनोरा 1898 पर्यंत उभा राहिला. बिस्मार्कच्या राजवटीशी झालेल्या झगड्यात म्युन्स्टरचा बिशप हद्दपारीत वर्षे काढून नुकताच परतला होता. अशा वेळी कॅथलिक समाजाने आपला मनोरा पूर्वीपेक्षा उंच बांधला, यात त्या पिढीचा स्वाभिमान स्पष्ट दिसतो. लेखकाने या मनोऱ्याचे मनापासून कौतुक केले आहे. माझे मत थोडे वेगळे आहे. जे हरवले त्याच्या जागी कल्पित मध्ययुग उभारण्यापेक्षा जे उरले आहे ते जपावे, अशी भूमिका गेओर्ग डेहिओ याने 1905 साली स्ट्रासबुर्गच्या व्याख्यानात मांडली, आणि म्युन्स्टरचा नवा मनोरा पाहताना मला नेहमी तिची आठवण होते. वास्तूच्या नोंदींच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे काम माक्स गाइसबेर्ग याचे: नगरातील चर्चांवरील त्याचा खंड 1941 साली बाहेर पडला, आणि दोन वर्षांनी, 10 ऑक्टोबर 1943 रोजी, बॉम्बवर्षावात जुन्या नगराचा फार मोठा भाग जमीनदोस्त झाला. दुसऱ्या महायुद्धात लाम्बेर्टीही जबर जखमी झाले. पिंजरे दुरुस्त होऊन 1948 साली पुन्हा वर गेले.

येथे थोडे मागे जावे लागते. जर्मनीत कोणते जुने चर्च आज कॅथलिक आहे आणि कोणते प्रॉटेस्टंट, याचे उत्तर पुष्कळदा 1648 च्या वेस्टफालियाच्या तहात मिळते, आणि तो तह ज्या दोन नगरांत ठरला त्यांपैकी एक म्युन्स्टर होते. 1 जानेवारी 1624 रोजी जी स्थिती होती ती धर्मसंपत्तीच्या वहिवाटीसाठी प्रमाण मानावी, असा तोडगा त्या तहाने काढला. आणि बिबेराखसारख्या नगरात तर एकच चर्च दोन्ही पंथांनी वेळा वाटून वापरावे अशी व्यवस्था रूढ झाली, ती आजतागायत चालू आहे. 1803 साली बिशपांची राज्ये बरखास्त झाली, मठ विकले गेले. धर्मग्रामांची चर्चे मात्र टिकली, कारण त्यांच्यावाचून लोकांचे जन्ममृत्यूही नोंदले जाईनात.

आता त्या दुसऱ्या क्षणाकडे येतो. क्लेमेन्स आउगुस्ट फॉन गालेन हा उंचापुरा, जुन्या सरदार घराण्यातील धर्मगुरू 1929 साली लाम्बेर्टीचा प्रमुख धर्मगुरू झाला आणि 1933 च्या शरदात म्युन्स्टरचा बिशप. 1939 पासून नाझी राजवटीने मनोरुग्णांच्या आणि अपंगांच्या संस्थांकडे छापील नमुने पाठविण्यास आरंभ केला होता: रोग्याचे नाव, आजार, तो किती काम करू शकतो. बर्लिनमध्ये नेमलेले डॉक्टर रोग्याला न पाहता त्या कागदावर तांबडे अधिकचिन्ह किंवा निळे वजाचिन्ह करीत. तांबडे चिन्ह म्हणजे मृत्यू. ऑगस्ट 1941 पर्यंत या रीतीने सुमारे 70,000 माणसे विषारी वायूने मारली गेली. 13 जुलै 1941 रोजी लाम्बेर्टीमध्ये गुप्त पोलिसांच्या मनमानीवर, पुढल्या रविवारी दुसऱ्या एका चर्चमध्ये, आणि 3 ऑगस्ट रोजी पुन्हा लाम्बेर्टीमध्ये बिशपने प्रवचने केली. या तिसऱ्या प्रवचनात त्याने हत्येचा प्रकार उघडपणे सांगितला, आपण त्याविरुद्ध फिर्याद दाखल केल्याचे सांगितले, आणि निरुपयोगी ठरलेल्या माणसाला मारण्याचा हक्क एकदा मान्य केला की पुढे अपंग झालेल्या सैनिकाचे आणि म्हाताऱ्या आईबापांचे काय होईल, हा प्रश्न श्रोत्यांसमोर टाकला. प्रवचनाच्या टंकलिखित प्रती देशभर हातोहात फिरल्या. ब्रिटिश विमानांनी त्या पत्रकांच्या रूपाने खाली टाकल्या. ल्युबेकचे तीन कॅथलिक धर्मगुरू आणि एक ल्यूथरपंथीय पाद्री यांना, ज्यांनी त्यांचा प्रसार केला होता, 1943 साली मृत्युदंड झाला. 24 ऑगस्ट 1941 रोजी ही मोहीम वरवर थांबविण्यात आली, तरी संस्थांमधील हत्या पुढेही चालू राहिल्या.

हे प्रवचन कॅथीड्रलमध्ये न होता त्याच्या जुन्या धर्मग्रामाच्या चर्चमध्ये व्हावे, याला मी फार महत्त्व देतो. ज्या सत्तेने माणसाला नमुन्यातील एक रकाना केले, तिला उत्तर मिळाले ते ज्या जागी माणूस नावाने नोंदला जातो त्या जागेवरून. तथापि या वाक्यावर थांबणे सत्याला धरून होणार नाही, आणि लेखकही थांबलेला नाही. तीच स्नानसंस्काराची नोंदवही 1933 नंतर साऱ्या जर्मनीत वंशशुद्धीचे दाखले देण्यासाठी उघडली गेली. आपले आजीआजोबा ज्यू नव्हते हे सिद्ध करण्यासाठी लोक धर्मगुरूंच्या कचेरीत रांगा लावीत, आणि दाखले दिले जात. ज्यूंच्या छळाविरुद्ध याच बिशपने असा जाहीर, निःसंदिग्ध आवाज उठविला नाही. सोव्हिएत रशियाशी चाललेल्या युद्धाला त्याचे समर्थन होते. 1946 साली तो कार्डिनल झाला, त्यानंतर काही आठवड्यांतच वारला, आणि 2005 साली त्याला धन्य घोषित करण्यात आले. त्याचे धैर्य आणि त्याचे मौन ही दोन्ही एकाच माणसाची आहेत, आणि दोन्ही सांगितल्यावाचून त्याच्या चर्चचा इतिहास पुरा होत नाही.

हा इतिहास आज का वाचावा? एकट्या 2022 साली जर्मनीत पाच लाखांहून अधिक कॅथलिकांनी चर्चचे सभासदत्व रीतसर सोडले. धर्मग्राम एकत्र केले जात आहेत, कित्येक चर्चे उपासनेसाठी बंद झाली आहेत. त्याच वर्षी म्युन्स्टर विद्यापीठातील इतिहासकारांनी 1945 ते 2020 या काळात या धर्मप्रांतात धर्मगुरूंनी बालकांवर केलेल्या लैंगिक अत्याचारांचा शोध प्रसिद्ध केला. दफ्तरातून किमान 196 धर्मगुरू आणि 610 पीडित उघडकीस आले. ज्या संस्थेने शतकानुशतके माणसांची नावे इतक्या काळजीने लिहून ठेवली, तिने कोणती नावे आणि कोणत्या तक्रारी दडवून ठेवल्या, हा प्रश्न आता इतिहासलेखनाचा अविभाज्य भाग झाला आहे. चर्चविषयी आदर बाळगणाऱ्या लेखकाने तो टाळला नाही, याबद्दल मी त्याचा ऋणी आहे.

ग्रंथाची मांडणी राजांच्या किंवा बिशपांच्या कारकिर्दींनुसार केलेली नाही. कुंड, दफनभूमी, व्यासपीठ, घंटा, हिशेब आणि मनोरा यांभोवती ती गुंफलेली आहे, त्यामुळे काळ मागेपुढे होतो, आणि नवख्या वाचकाला पहिली पन्नास पाने थोडी जड जातील. त्याने नेट धरावा. स्थापत्याच्या परिभाषेसाठी लेखकाने जेथे रूढ मराठी शब्द मिळाला तेथे तो घेतला आहे, मिळाला नाही तेथे वस्तूचे साधे वर्णन केले आहे. हा विवेक मला फार आवडला.

मराठी वाचकाला हा विषय वाटतो तितका दूरचा नाही. ट्रेंटच्या परिषदेचा नोंदवहीचा दंडक पोर्तुगीजांबरोबर गोव्यात आणि वसईतही आला. 1739 साली चिमाजीअप्पांनी वसई जिंकल्यावर तेथल्या चर्चांच्या घंटा आपल्या देवळांत आल्या, आणि नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातील घंटेवर 1721 हे साल आजही वाचता येते. त्या घंटांची कहाणी आपण कौतुकाने सांगतो; ज्या धर्मग्रामांत त्या वाजत होत्या, तेथे कोणाची लग्ने लागली, कोणते पाट आणि कोणत्या बागायती चर्चच्या नावे होत्या, वहिवाटीचे तंटे कसे मिटले, हे मात्र आपण विचारलेले नाही. वसई, साष्टी आणि गोवा येथील एकेका जुन्या धर्मग्रामाचा इतिहास मराठीत आणि कोकणीत लिहिण्यास तरुण अभ्यासकांनी पुढे यावे, अशी माझी विनंती आहे. पोर्तुगीज शिकावे लागेल, वाळवीने खाल्लेले कागद हाताळावे लागतील, आणि आरंभ मनोऱ्यापासून न करता नोंदवहीपासून करावा लागेल.